अंधारापासून मागे मोजायचं

बसा, बसा. मागच्यांना ऐकू येतंय ना? बरं. फळ्यावर विषय लिहिलाय, 'अनुभवी गिर्यारोहकांसाठी एका दिवसाच्या कठीण चढाईचं नियोजन'. हे शीर्षक माझं नाही. मला विचारलं असतं तर मी तीनच शब्द लिहिले असते, 'खाली कधी येणार?' गणित शेवटी मांडणार आहे, तोवर वह्या मिटल्यात तरी चालेल.

नवख्यांपुढे मी हे फारसं बोलत नाही. त्यांना भीती वाटते, आणि निम्मं नियोजन ती भीतीच करून टाकते. पंचाईत तुमची-माझी आहे. आठ दिवसांच्या मोहिमेची यादी तीन-तीनदा तपासणारा माणूस एका दिवसाच्या चढाईची सॅक आदल्या रात्री अकराला भरतो. का, तर 'एका दिवसाचंच तर आहे'. त्या 'च तर'ने जितके गुडघे सुजवलेत तितके कुठल्याही कातळाने सुजवले नसतील. मोहिमेत अंधार पडला की तंबू ठोकता येतो. एका दिवसाच्या चढाईत तंबू नसतो, स्लीपिंग बॅग नसते, वजन कमी ठेवायचं म्हणून आपणच ती घरी ठेवलेली असते. म्हणजे चूक झाली तर सावरायला जागा मोहिमेपेक्षा कमी, आणि तयारीही कमी. हात वर करा, आदल्या रात्री सॅक भरणारे कोण? राहू द्या, शेजारी तुमचे सोबती बसलेत.

दुसरी सवय म्हणजे 'किती किलोमीटर?' हा प्रश्न. डोंगरात किलोमीटर विचारणं म्हणजे विहिरीला लांबी विचारण्यासारखं आहे. विचारायचं ते 'किती वेळ?' त्याचं उत्तर शोधायचा एक जुना शहाणा प्रयत्न विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये केला. एका दिवसात त्याने तीन डोंगर केले, १० मैल अंतर आणि ६३०० फूट चढ, साडेसहा तासांत. त्यावरून त्याने सूत्र बसवलं. नकाशावरच्या दर ३ मैलांना एक तास, शिवाय दर २००० फूट चढाईला आणखी एक तास. करून पाहा, त्याचं गणित जेमतेम एका मिनिटाच्या फरकाने जुळतं. आज कित्येक ॲप वेळेचा जो अंदाज दाखवतात त्याच्या मुळाशी हेच सूत्र असतं. पण नेस्मिथने त्याच वाक्यात एक गोष्ट लिहून ठेवली होती, की हे सूत्र बऱ्यापैकी तंदुरुस्त माणसांच्या सोप्या सहलींसाठी आहे. सोप्या! सूत्र सव्वाशे वर्षं टिकलं आणि तो एक शब्द तेवढा गळून पडला. उतरायला लागणारा वेळही त्यात वेगळा धरलेला नाही. सोप्या डोंगरावर ते चालतंही.

आता ती गोष्ट. ज्यांनी आधी ऐकली असेल त्यांनी मोबाइल बघावा, मला राग येणार नाही.

आम्ही तिघं. धारेने चढायचं आणि माथ्यावरून पलीकडच्या घळीतून उतरायचं, असा बेत. घळ तिघांपैकी कुणीच केलेली नव्हती, पण तिचा ट्रॅक, म्हणजे मोबाइलवर नोंदवलेली वाट, एकाने टाकलेला होता. सुंदर निळी रेघ, आणि खाली लिहिलेलं, एक तास चाळीस मिनिटं. वा! उतरायला पावणेदोन तास म्हटल्यावर आम्ही सढळ हाताने ठरवलं, एक वाजता जिथे असू तिथून मागे. पावणेएकला माथा समोर. एक वाजता कळलं की तो माथा नव्हेच, खरा माथा खिंडीच्या पलीकडे आहे. आता तुमच्यापैकी कोण मागे फिरला असता? खरं सांगा. आमच्यातला सगळ्यांत अनुभवी म्हणाला, 'दहा मिनिटं.' अशी 'दहा मिनिटं' पाच वेळा झाली. एक पन्नासला माथ्यावर फोटो काढला. फोटो चांगला आलाय.

घळीत शिरलो. आधी घसारा, मग भलामोठा अडकलेला धोंडा आणि खाली बारा-एक मीटरचा सरळ तुटका कडा. अनुभवी मित्र दर वळणावर म्हणत होता, 'ही वाट मी पाहिलेली आहे.' पाहिलेली होतीच, मोबाइलवर. दोर तीस मीटरचा, दुहेरी केला की पंधरा, म्हणजे पुरत होता. पण दोर अडकवायला भरवशाचा दगड सापडेना. त्यात चाळीस मिनिटं गेली. तिघं उतरलो, दोर ओढला आणि तो अध्येमध्ये फटीत अडकला. पुन्हा वर जायचा रस्ता नाही. शेवटी हाताला आला तेवढा कापून घेतला, आठेक मीटर. पुढचा टप्पा नशिबाने बुटका निघाला. तोवर अंधार. तीनपैकी एक हेडलॅम्प सकाळपासून सॅकच्या आत इमानेइतबारे पेटलेला होता. रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी पायथा. घरी आम्ही 'संध्याकाळी येऊ' असं सांगितलेलं होतं, पण संध्याकाळ किती वाजता संपते ते सांगितलं नव्हतं. त्यामुळे तिथे काय चाललं होतं ते वेगळंच व्याख्यान आहे.

पुढे त्या ट्रॅकवाल्याची गाठ पडली. म्हटलं, तो धोंडा तू कसा उतरलास? तो शांतपणे म्हणाला, 'उतरलो कुठे? घळीतून चढलो होतो.'

वर्षभर मी त्याच्यावर चिडून होतो. मग एकदा तो नकाशा मोठा करून पाहिला. रेघेवर बाण होता.

काय? चिठ्ठी? दहा मिनिटं? अहो, मुख्य विषय अजून... बरं, भराभर घेतो. वह्या उघडा.

दिवस उलटा आखायचा. अंतर १४ किलोमीटर, १५०० मीटर चढ, तेवढाच उतार. नेस्मिथ म्हणेल, साधारण सव्वापाच तास. ब्रिटिश गिर्यारोहक एरिक लँगम्युअरची दुरुस्ती घेतली, तीव्र उतारावर दर ३०० मीटरना १० मिनिटं वाढवली, तर सहाच्या थोडं पुढे. आता जर्मन मानक घ्या, डीआयएन ३३४६६. तासाला ४ किलोमीटर सपाट, ३०० मीटर चढ, ५०० मीटर उतार. आडवा वेळ आणि उभा वेळ वेगळा काढायचा, मोठ्यात लहानाचा निम्मा मिळवायचा. आडवा साडेतीन तास, उभा आठ. उत्तर पावणेदहा तास. डोंगर तोच! मी कठीण वाटेला हेच धरतो. यात विश्रांती नाही, दोर नाही. तासाला दहा मिनिटं थांबा धरले. दोराचा एक टप्पा चढताना, एक उतरताना; तिघांना चढताना तास, उतरताना पाऊण तास, हे माझे आकडे, तुमचे तुम्ही घड्याळ लावून काढा. एकूण तेरा तास.

सूर्यास्त साडेसहाला, त्याआधी दोन तास हातात हवेत. म्हणजे साडेचारला पायथा. उतरायला, दोर आणि थांबे धरून, सव्वापाच तास. म्हणजे माथ्यावरून निघायचं सव्वाअकराला. त्याच्या मागे चढाईचे पावणेआठ तास, की निघायची वेळ आली पहाटे साडेतीन. कुणी हसलं. साडेतीनला निघायचं नसेल तर डोंगर लहान निवडा, आकडे लहान करू नका. बऱ्याच उंच डोंगरांवर वीजही दुपारीच गाठते, त्यामुळे लवकरची वेळ तिथेही उपयोगी पडते.

आणखी तीन गोष्टी, झालंच. नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारखी उंची जोडणाऱ्या रेषा, २० मीटर उंचीच्या अंतराने असतील तर पंधरा मीटरचा कडा दोन रेषांच्या मधे बेमालूम लपतो, त्यामुळे नकाशात घळ 'मोकळी' दिसली म्हणून दोर घरी ठेवू नका. अरुंद घळीत उपग्रहाचे संदेश भिंतींवर आपटून येतात आणि निळी रेघ हवेतून चालते. आणि घरी जो माणूस असेल त्याला एकच घड्याळी वेळ द्या, तोवर फोन आला नाही तर कुणाला कळवायचं तेही लिहून द्या.

प्रश्न? एकच घेता येईल. हं. 'सव्वाअकराला माथा अगदी समोर असेल तर?' मला वाटलंच होतं. आमची खिंड आठवा. वेळ वर जाऊन बदलायची मुभा आहे, पण एकाच बाजूला. ढग चढायला लागले, कुणाचा पाय मुरगळला, तर सव्वाअकराची साडेदहा करा. साडेअकरा करायची झाली तर ती आदल्या रात्री, घरी बसून.