मुक्काम कुठे?

नमस्कार. मसाई मारातली आमची पहिली सकाळ एका फाटकासमोर रांगेत गेली. आजचा विषय सफारीतल्या मुक्कामाचा आहे, म्हणून त्या रांगेपासूनच सुरुवात करते.

जुलैचा शेवटचा आठवडा. आम्ही नऊ जण, दोन गाड्या. मुक्काम केनियातल्या मसाई मारा अभयारण्याच्या सेकेनानी फाटकाबाहेर, एका हॉटेलात. ते निवडलं होतं आमच्या भावोजींनी, आणि तेही फोटोतला निळाशार पोहण्याचा तलाव बघून. हॉटेल छानच होतं, खोटं कशाला बोलू? पण सकाळी सव्वासहाला निघून फाटकाशी आलो, तर पुढे गाड्याच गाड्या. ड्रायव्हर तिकिटं काढायला उतरला तो लवकर परतलाच नाही. मसाई बायका काचेवर मण्यांच्या बांगड्या वाजवून दाखवत होत्या. आत शिरलो तेव्हा सव्वासात झाले होते आणि सूर्य चांगला कासराभर वर आला होता. विषुववृत्त तिथून जवळ, त्यामुळे बाराही महिने सूर्य साधारण साडेसहालाच उगवतो. सिंहांची रात्रभराची धावपळ तोवर आवरत आलेली असते. ऊन चढलं की ते झुडपाखाली आडवे होतात ते थेट संध्याकाळपर्यंत. आम्हाला त्या दिवशी सिंह दिसले, नाही असं नाही. पाच होते. पाचही झोपलेले.

दोष एकट्या भावोजींचा नव्हता. आम्हा सगळ्यांच्याच डोक्यात ताडोबा बसलेला. मोहर्लीला किंवा कोलाऱ्याला गाभा क्षेत्राबाहेर राहायचं, पहाटे फाटकावर जायचं, ठरलेल्या वेळात फेरी मारून बाहेर यायचं. रिसॉर्ट साधं असो की महागडं, बाहेर सगळेच. मग खोली, जेवण, तलाव बघूनच ठरवणार ना माणूस? मारात मात्र राहण्याच्या तीन तऱ्हा आहेत, आणि तुम्ही कोणती घेता यावर तुमची पहाट ठरते.

पहिली तऱ्हा आमची, फाटकाबाहेरची. दुसरी अभयारण्याच्या आत. मारा सुमारे 1,510 चौरस किलोमीटरचं आहे आणि त्याच्या पोटात लॉज आहेत, तंबूंचे तळ आहेत. तिथे राहिलात की साडेसहाला तुम्ही सिंहांच्या दारात असता, रांग बाहेरच्यांसाठी. तिसरी तऱ्हा आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नसते, म्हणून तिच्यावर जरा रेंगाळते.

अभयारण्याच्या उत्तरेला आणि पूर्वेला मसाई कुटुंबांच्या मालकीची जमीन आहे. तिथल्या जमीनमालकांनी एकत्र येऊन ती वन्यप्राण्यांसाठी राखली आणि तळ चालवणाऱ्यांना भाड्याने दिली. अशा राखलेल्या जमिनींना कॉन्झर्व्हन्सी म्हणतात. नाबोइशो, मारा नॉर्थ, ओलारे मोटोरोगी ही त्यांतली नावं. दर महिन्याला जमिनीचं भाडं घरात येतं, त्यामुळे तिथे कुंपण घालण्यापेक्षा सिंह असणं परवडतं. मधे कुंपणं नाहीत, प्राणी अभयारण्यातून इकडे आणि इकडून तिकडे मोकळे फिरतात. ओलारे मोटोरोगीत तर 700 एकरांमागे एक तंबू असा दंडक आहे. म्हणजे चित्त्याभोवती गाड्यांचं रिंगण नाही. शिवाय अभयारण्यात रात्रीची फेरी आणि पायी हिंडणं बंद, इथे दोन्हीला परवानगी. रात्री दिव्याच्या झोतात तरस आणि रानससे बघायचे असतील, किंवा मसाई वाटाड्याच्या मागून गवतात चालत हत्तीच्या लेंडाची चौकशी करायची असेल, तर ते इथेच. दर मात्र चढे, आणि नेमक्या इथेच एक मेख आहे. विल्डबीस्टचे, म्हणजे गाईगुरांसारख्या दिसणाऱ्या दांडग्या हरणांचे, कळप मारा नदी ओलांडताना, खाली मगरी वाट बघताना, जे दृश्य आपण टीव्हीवर बघतो, ते मुख्यतः अभयारण्यातलं. जुलै ते ऑक्टोबरमध्ये त्यासाठीच जाणार असाल तर कॉन्झर्व्हन्सीतून रोज आत यावं लागेल आणि अभयारण्याचं शुल्क वेगळं भरावं लागेल. 2024 पासून परदेशी प्रौढाला हे शुल्क जानेवारी ते जून दिवसाला 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर आहे. तेव्हा नदी बघायची तर नदीजवळ आत राहा, निवांत सिंह आणि बिबटे बघायचे तर कॉन्झर्व्हन्सी. दोन्ही हवं असेल तर दोन-दोन रात्री वाटून घ्या.

बाहेर राहूच नये असं मी म्हणत नाही. चौघांचं कुटुंब असलं की हिशेब बघावाच लागतो. मग निदान जेवणाचे डबे बांधून घ्या आणि दिवसभर आतच राहा. दुपारच्या जेवणासाठी हॉटेलवर परतण्याचा वेडेपणा आम्ही केला, तो करू नका.

शेजारच्या टांझानियात, सेरेंगेटीत, प्रश्न आणखी वेगळा. ते जवळजवळ 14,763 चौरस किलोमीटर. तिथे 'आत' राहिलो एवढं म्हणून भागत नाही. फेब्रुवारीत विल्डबीस्टचे हेच कळप दक्षिणेला एनडुटूच्या माळावर विणीला आलेले असतात, ऑगस्टमध्ये उत्तरेला कोगाटेंडेकडे. या दोघांत दिवसभराचा रस्ता. म्हणून तिथले कित्येक तळ जत्रेतल्या पालांसारखे मोसमागणिक उठून दुसरीकडे लागतात. सुंदर तळ, स्वस्तात मिळाला, आणि महिना चुकला, तर आसपास नुसतं गवत.

आता तंबूबद्दल. 'आफ्रिकेत तंबूत?' म्हणून आई घाबरली होती. दुसऱ्या खेपेला आम्ही तंबूतच राहिलो. पलंग, गाद्या, मागच्या बाजूला संडास-न्हाणी, सगळं असतं. आंघोळीला मात्र बादलीचा हिशेब. सांगितल्या वेळी माणूस येऊन बाहेर टांगलेल्या पिशवीत गरम पाणी ओततो आणि आतून साखळी ओढली की आपल्या डोक्यावर धार. केस धुणाऱ्यांनी आधी साबण लावून मग साखळी ओढावी, हा अनुभवाचा सल्ला. मारा दीड हजार मीटरच्या वर आहे, रात्री चांगलं गारठतं. आफ्रिका म्हणून सुती कपडेच नेले तर कुडकुडाल. पहिल्या रात्री पांघरुणात पाय घातले तर काहीतरी ऊबदार, मऊ लागलं. मी किंचाळले. ती गरम पाण्याची पिशवी होती, तळावरच्या लोकांनी प्रेमाने ठेवलेली.

तळाला कुंपण नव्हतं. अंधार पडल्यावर एकट्याने तंबूबाहेर पडायचं नाही, टॉर्च हलवला की पहारेकरी येणार, तोच जेवायला नेणार आणि आणून सोडणार. त्याला तिथे अस्करी म्हणतात. मध्यरात्री जाग आली ती कुणीतरी गवत उपटून खात होतं त्या आवाजाने. खर्र, खर्र, आणि मधेच एक जाड उसासा. कापडाच्या पलीकडे, माझ्या उशीपासून दोन हातांवर पाणघोडा चरत होता. नवरा घोरत होता, त्यामुळे कोण कुठला आवाज काढतंय हे ठरवायला थोडा वेळ गेला. सकाळी बघितलं तर ताणाच्या दोऱ्यांना धक्का न लावता तो जड गडी मधून निघून गेला होता. ओल्या मातीत चार बोटांचे ठसे तेवढे होते.

लहान मुलं असतील किंवा गुडघे धरलेले आजी-आजोबा असतील, तर मात्र हट्टाने तंबू घेऊ नका. अशा तळांवर काही ठिकाणी लहान मुलांना घेतच नाहीत. पक्क्या बांधणीचं लॉज बरं. शाकाहाराची धास्ती नको, आधी कळवलं की झालं. चपाती स्वाहिलीतही चपातीच आहे आणि चहाला चायच म्हणतात. नैरोबीहून छोट्या विमानाने जाणार असाल तर सामान माणशी 15 किलो आणि पिशवी मऊ, चाकांची कडक बॅग नाही. आणि तळ कुठल्या धावपट्टीजवळ आहे ते विचारून घ्या, मारात त्या अनेक आहेत. पिवळ्या तापाची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्या. केनियाहून परतताना आपल्याच विमानतळावर तिचा दाखला मागतात.

बुकिंग करणाऱ्याला मी आता खोलीचे फोटो मागतच नाही. एवढंच विचारते, की या महिन्यात, सकाळी साडेसहाला, माझी गाडी कुठे उभी असेल? फाटकाचं नाव आलं की पुढचा फोन लावते.

परवा भावोजींचा फोन आला. पुन्हा जायचं म्हणतात, यंदा नदीकाठच्या तळावर. सगळं नीट ऐकून घेतलं आणि शेवटी हळूच विचारलं, "पण तिथे पोहायला आहे ना काही?"

म्हटलं, "आहे की भावोजी. पाणघोडे रोज पोहतात."