मोहिनीचा हात

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो,

पत्रिकेवर विषय छापलाय 'कमलाबाई गोखले : जीवन आणि कारकीर्द'. त्याकडे येतेच, पण आधी एका पाटीबद्दल बोलू द्या. काही वर्षांपूर्वी जुन्या चित्रपटांवरचं एक प्रदर्शन बघायला गेले होते. दादासाहेब फाळक्यांना आख्खी भिंत दिलेली, ते योग्यच. अण्णा साळुंक्यांचा तारामतीच्या वेशातला मोठा फोटो आणि खाली परिच्छेदभर मजकूर. आणि कोपऱ्यात एका लहानशा फोटोखाली एकच ओळ : 'कमलाबाई गोखले, विक्रम गोखले यांच्या आजी'. मी तिथल्या गृहस्थांना विचारलं, "अहो, या आपल्या पडद्यावरच्या पहिल्या नायिका. ते कुठं लिहिलंय?" ते म्हणाले, "लोकांना पटकन ओळख पटावी म्हणून तसं लिहिलं." विक्रमजी थोर नट, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण ज्या बाईपासून त्या घरात पडदा आला, तिची ओळख नातवावरून करून द्यायची? तेव्हापासून ही पाटी माझ्या डोक्यातून जात नाही.

आता साळुंक्यांची गोष्ट. तुम्हाला ठाऊक आहे, तरी सांगते, कारण ती सांगताना आपण नेहमी अर्ध्यावर थांबतो. 'राजा हरिश्चंद्र'साठी फाळक्यांना तारामती मिळेना. जाहिराती दिल्या, नाचगाणं करणाऱ्या बायकांच्या दारी गेले, कोणी तयार होईना. शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत त्यांना साळुंके दिसले. बारीक अंगलट, सडपातळ हात. तिथं महिना दहा रुपये पगार होता म्हणतात, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. १९१३ च्या मे महिन्यात गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये चित्रपट लागला आणि लोकांनी तारामतीला मनापासून पाहिलं. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही साळुंकेच! (हशा) हसा, पण माणूस गुणी होता. आणि आपल्याला त्यात वावगं काही वाटत नव्हतं, घराघरांत बालगंधर्वांचं कौतुक चाललं होतं. तिकडे बेळगावकर स्त्री संगीत मंडळीत बायका पुरुषांच्या भूमिका करत होत्या, त्यावर एक वेगळं व्याख्यान होईल. इथे बसलेल्या कार्यवाहांनी ऐकलं असेल अशी आशा करते. (हशा)

गोष्ट इथं थांबते आणि ऐकणारा समजतो की बायका पडद्यावर आल्या त्या पुढे कधीतरी, बोलपटात, दुर्गाबाई खोट्यांच्या वेळी. तसं नाही. 'राजा हरिश्चंद्र' लागला त्याच वर्षी, १९१३ मध्ये, फाळके नाशिकला गेले आणि त्यांनी 'मोहिनी भस्मासुर' करायला घेतला. रघुनाथराव गोखल्यांच्या चित्ताकर्षक नाटक मंडळीत एक मायलेकींची जोडी होती. आई दुर्गाबाई कामत, नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, पोरीला घेऊन मंडळीबरोबर गावोगाव फिरणाऱ्या. मुलगी कमला, जेमतेम तेरा वर्षांची. आई झाली पार्वती, मुलगी मोहिनी.

आता मोहिनी म्हणजे कोण? विष्णू! तारामती झाली पुरुषानं, आणि स्त्रीरूप घेतलेला देव झाला परकरी पोरीनं. (टाळ्या) थांबा, मला सांगायचंय ते याच्या पुढचं आहे. संगीत नाटकातल्या नटीचं भांडवल म्हणजे गळा. मूकपटात तो गळाच काढून घेतला. उरलं काय? अंग. भस्मासुराची गोष्ट आठवा. मोहिनी नाचते, तो तिच्यासारखा नाचत जातो. ती हात कमरेवर ठेवते, तोही ठेवतो. ती हात खांद्याशी नेते, तोही नेतो. मग ती हात डोक्यावर ठेवते. संवाद नको, पद नको, एका मनगटावर कथा संपते. ते मनगट तेरा वर्षांच्या पोरीचं होतं आणि लहानपणापासून रंगभूमीवर कसलेलं होतं. माझं म्हणणं एवढंच आहे की फाळक्यांना 'बाई मिळाली' असं म्हणणं थांबवू या. त्यांना एक तयार कलावती मिळाली. आपण कायम 'धाडस' म्हणतो. दुर्गाबाईंच्या दृष्टीनं ते काम होतं. दोघींचं पोट त्यावर होतं.

१९१४ साली फाळके आपले चित्रपट घेऊन लंडनला गेले, त्यात मोहिनीही होती. म्हणजे कमलाबाईंचा नाच लंडनमध्ये पाहिला गेला. आज आपल्याला पाहायचा म्हटला तर नाही; या चित्रपटाची प्रत उरलेली नाही.

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं म्हणताय? बरं, पाचात उरकते.

पुढे कमलाबाईंनी रघुनाथराव गोखल्यांशी लग्न केलं, त्यांच्याच मंडळीत काम करत राहिल्या. रघुनाथराव लवकर गेले. पदरी मुलं. पंचविशीच्या आसपासची विधवा बाई रोज रात्री तोंडाला रंग लावून उभी राहते, काळ १९२५ च्या सुमाराचा, याची कल्पना करा. लालजी आणि सूर्यकांत तबल्यात नावाजले, चंद्रकांत नट झाले, विक्रम त्यांचे चिरंजीव. म्हणजे दुर्गाबाईंपासून मोजलं तर चार पिढ्या.

सिनेमाही सुटला नाही. मूकपट झाले, बोलपट झाले. ज्या पडद्यानं गळा काढून घेतला होता, त्यानंच तो परत मागितला. १९८० च्या 'गहराई'त त्या आहेत. १९१३ ते १९८०, सदुसष्ट वर्षांचं अंतर. रीना मोहन यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, 'कमलाबाई' नावाचाच. मिळेल तिथं बघा. नव्वदीच्या घरातल्या बाई नाटकातले प्रवेश बोलून दाखवतात, तेव्हा नजर कॅमेऱ्याकडे नसते, प्रेक्षागृहाकडे असते.

एक विनंती करते आणि बसते. तुमच्यापैकी काहींच्या घरी माळ्यावर आजोबा-पणजोबांच्या ट्रंका असतील. त्यात चित्ताकर्षक मंडळीचं एखादं हँडबिल, पदांची वही, तिकिटाचा तुकडा निघाला तर रद्दीत घालू नका. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तिथं नेऊन दाखवा. आणि मलाही कळवा, मी बघायला येईन.