किमो चालू असताना घरच्या घरी व्यायाम: ज्येष्ठ नागरिक संघात झालेलं बोलणं

मंडळी, आपल्याकडे कॅन्सरचं निदान झालं की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, आता तुम्ही काही म्हणजे काही करायचं नाही, पडून राहायचं. सून हातातला झाडू काढून घेते, मुलगा पाणीसुद्धा पलंगावर आणून देतो, सगळं प्रेमापोटीच, पण सत्तरीतल्या पायांचं त्यात काय होतं ते ऐका. २००७ साली अमेरिकेतला एक छोटा अभ्यास छापून आला, त्यात चांगल्या ठणठणीत वयस्क लोकांना, कॅन्सर वगैरे काही नाही, १० दिवस बेडवर ठेवलं, तर नुसत्या पायांतून जवळपास १ किलो स्नायू गेला. आता यात किमोची मळमळ, गेलेली भूक, प्रोस्टेटवाल्यांना हार्मोनची इंजेक्शनं असतात त्यांनी झिजणारं हाड, हे सगळं मिळवा.

तिथल्या कॅन्सर डॉक्टरांच्या संघटनेने, आस्कोने, २०२२ मध्ये सरळ सांगितलंय की आजार बरा करण्यासाठी उपचार चालू असतील तर चालण्यासारखा आणि ताकदीचा, दोन्ही व्यायाम पेशंटला सांगा. म्हणजे हे फिजिओवाल्यांचं खूळ नाही.

मग फिजिओकडेच का जाऊ नये? जा की, जमत असेल तर. पण कासारवडवलीचे आजोबा किमोला खारघरच्या अॅक्ट्रेकला, म्हणजे टाटा मेमोरियलच्या कॅन्सर सेंटरला जातात, घोडबंदरचा ट्रॅफिक, मग ठाण्याहून पनवेल लोकल, त्यातच अर्धा जीव जातो, आणि पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना गर्दीत जायचं म्हणजे इन्फेक्शनला आमंत्रण. म्हणून मी फिजिओ असूनही व्यायाम व्हिडिओ कॉलवर, तुमच्या घरीच करून घेते.

फक्त एक सांगते, व्हॉट्सअॅपवर पीडीएफ पाठवली म्हणजे प्रोग्राम झाला असं नाही हां. मी पहिल्या कॉलला व्यायाम घेतच नाही, नातीला म्हणते फोन घेऊन घरभर फिर. मग दिसतं, आजी बसतात ती खुर्ची चाकांची, बाथरूमसमोर घसरणारं पायपुसणं, पायात सैल सपाता. क्लिनिकमध्ये मला हे जन्मात कळलं नसतं! नंतर खुर्ची भिंतीला टेकवायची, हात छातीवर, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजायचं. ७० ते ७४ च्या बाईंना १० च्या खाली आणि पुरुषांना १२ च्या खाली आलं तर पडण्याचा धोका जास्त धरतात, तिथून सुरुवात.

किमो बऱ्याचदा २ किंवा ३ आठवड्यांच्या सायकलने चालते. डोसनंतरचे काही दिवस माणूस गळून जातो, तेव्हा पलंग ते गॅलरी चाललात तरी खूप झालं, पुढचा डोस जवळ आला की अंगात जरा जोर असतो तेव्हा ताकदीच्या व्यायामाचा रबरी बँड हातात घ्यायचा, बँड नसेल तर अर्ध्या किलोची मूगडाळीची पुडी चालते. छापील कागदाला तुमचा कालचा डोस माहीत नसतो, पलीकडे कॉलवर माणूस लागतो तो यासाठी. जोर किती लावायचा? चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता आलं तर जरा वेग वाढवा.

पॅक्लिटॅक्सेल, ऑक्सॅलिप्लॅटिन ही किमोची औषधं घेणाऱ्यांचे तळवे बऱ्याचदा बधिर होतात, चप्पल पायातून निघाली तरी कळत नाही, त्यांनी तोल सांभाळायचे व्यायाम किचनच्या ओट्याला धरूनच करायचे, आणि घरात दुसरं कोणीतरी असतानाच. ताप १००.४ च्या वर गेला तर व्यायाम राहू दे, आधी हॉस्पिटलला फोन. छातीत दुखलं, चक्कर आली की तिथल्या तिथे थांबा. प्लेटलेट्स ५०,००० च्या खाली असतील तर वजन उचलायच्या आधी डॉक्टरांना विचारा. कॅन्सर हाडात पसरलेला असेल तर कमरेतून पिळणं, जोरात वाकणं नको, त्यांचा प्लॅनच वेगळा बनतो.

आणि ते पुढच्या रांगेतले काका मघापासून हात वर करतायत, स्मार्टफोन नाही म्हणून. काका, साध्या फोनवरही चालतं, सुरुवातीला एकदा समोरासमोर शिकून घ्यायचं आणि मग आठवड्याला कॉल. कॅलेंडरवर रोज किती मिनिटं चाललात ते लिहा, काही दुखलं तर तेही त्याच चौकोनात लिहा, मी फोनवर तेच विचारणार आहे.