एक वीत, की दीड?

(दृश्य: महालातील मोकळी जागा, उतरते ऊन)

नागपूरच्या महाल भागात, जुन्या घरांच्या मागे उरलेल्या या मोकळ्या जागेत चार मुले गोट्या खेळत आहेत. इकडे पुष्कळ जण त्यांना कंचे म्हणतात. टाचेने उकरलेला खड्डा, काही पावलांवर ओढलेली रेघ, जमिनीवर टेकवलेला अंगठा आणि मधल्या बोटावर मागे ताणून धरलेली निळसर गोटी. गोटी सुटते, वाटेतल्या खड्याला लागून वळते आणि खड्ड्यापासून वीतभर अंतरावर थांबते. ‘काहून बे, बेइमानी करून राहिला का?’ असा आवाज येतो आणि खेळ थांबतो. पुढची साडेचार मिनिटे एकही गोटी हलत नाही. ही साडेचार मिनिटे आम्ही चित्रणातून मुद्दाम कापलेली नाहीत.

अशाच भांडणांतून एका शास्त्रज्ञाने माणसाच्या नीतिबुद्धीचा माग काढला. स्वित्झर्लंडचे ज्याँ पियाजे (१८९६–१९८०) जिनिव्हा आणि न्यूशातेल येथील मुलांपुढे गोट्या ठेवत आणि म्हणत, की मी लहानपणी हे खूप खेळायचो, आता विसरलो, तू मला शिकव. शिकवता शिकवता मूल नियम सांगे. मग ते विचारत, की हा नियम कोणी केला, आणि तो बदलता येईल का. मुलांच्या नैतिक निर्णयांवरचे त्यांचे पुस्तक १९३२ साली आले. त्याची सुरुवातच गोट्यांपासून होते, हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते.

(दृश्य: रेघेजवळ बसलेला लहान मुलगा)

रेघेजवळचा हा चार वर्षांचा मुलगा पाहा. तो मोठ्यांसारखाच नेम धरतो, परंतु त्याच्या खेळात कोणी हरत नाही, कारण तो सगळ्यांच्या शेजारी बसून एकट्यानेच खेळतो आहे. पियाजे यांनी या अवस्थेला आत्मकेंद्री म्हटले. गंमत अशी, की नियम धड न पाळणारी हीच मुले नियमाला सर्वांत पवित्र मानतात. तो वडिलांनी किंवा देवाने केला आहे, तो बदलला तर खेळच खोटा होईल, असे ती सांगतात. सात-आठ वर्षांच्या सुमारास खरा डाव सुरू होतो, आणि अकरा-बाराव्या वर्षी मुले नियमांचे बारकावे वकिलांच्या थाटात मांडू लागतात. तोवर त्यांना उमगलेले असते, की नियम आपलाच आहे आणि सर्वांचे एकमत झाले तर तो बदलता येतो.

(दृश्य: ओट्यावरची मुलगी, बोटांची पेरे)

पियाजे मुलांना दोन गोष्टी सांगत. एका मुलाने दार उघडले आणि दारामागे ठेवलेले १५ कप त्याच्या नकळत फुटले. दुसऱ्याने चोरून मुरांबा काढताना १ कप फोडला. अधिक वाईट कोण? ओट्यावरची सहा वर्षांची ही मुलगी उत्तर देण्याआधी अंगठ्याने बोटांची पेरे मोजते, पंधरावर थांबते आणि म्हणते, ‘पंधरावाला.’ तिचा दहा वर्षांचा भाऊ तिच्याकडे न पाहताच सांगतो, की त्याला बिचाऱ्याला माहीतच नव्हते. नुकसानीकडून हेतूकडे जाणारा हा प्रवास पियाजे यांच्या मते वडीलधाऱ्यांच्या धाकाने होत नाही. बरोबरीच्या सवंगड्यांशी जुळवून घेताना तो होतो.

पुढे शिकागोत मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९५८ सालच्या प्रबंधात १०, १३ आणि १६ वर्षांच्या ७२ मुलग्यांपुढे नैतिक पेच ठेवले आणि त्यातून नैतिक विचार कसा वाढत जातो याची तीन स्तरांची, सहा पायऱ्यांची मांडणी उभी केली. तीत मुलींचा आवाज नाही, हा आक्षेप मानसशास्त्रज्ञ कॅरोल गिलिगन यांनी १९८२ साली घेतला. आमच्याही चित्रणात मुली ओट्यावरच आहेत, हे इथे कबूल केले पाहिजे.

(दृश्य: पुन्हा मैदान)

वाद अजून चालूच आहे. इतक्यात एक काका स्कूटर थांबवतात आणि ‘गोटी परत टाक’ असा निकाल देतात. मुले माना डोलावतात आणि स्कूटर वळणापलीकडे जाताच पुन्हा पहिल्या मुद्द्यावर येतात. काकांचा निकाल चुकीचा नव्हता, परंतु तो मुलांचा नव्हता. अशा जागा कमी होत आहेत आणि मुलांची संध्याकाळ शिकवणीत जाते आहे.

सर्वांत मोठा मुलगा गुडघ्यावर बसतो आणि अंतर वितीने मोजतो. त्याची वीत मोठी आहे, अशी हरकत निघते. मग ज्याची गोटी, त्याचीच वीत, असे ठरते. खड्याला लागून वळलेली गोटी आजपुरती चालेल, उद्यापासून नाही, हेही ठरते. चार वर्षांचा मुलगा सगळे ऐकून घेतो, आपली गोटी हाताने उचलतो आणि सरळ खड्ड्यात ठेवतो. त्याला कोणी अडवत नाही.