चूक ऐकून घेताना

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषणाचे संपादित रूप)

अध्यक्ष महोदया, कार्यकारिणीचे सदस्य आणि मंडळी, सर्वांना नमस्कार.

शिक्षणशास्त्राची प्राध्यापिका दिवसभर नेमके काय करते, हे तिच्या घरच्यांनाही नीट सांगता येत नाही. माझी आई शेजारणींना ‘ती तिकडे अमेरिकन लोकांना इंग्रजी शिकवते’ असे सांगत असे, आणि ऐकणाऱ्यांना अर्थातच ते खरे वाटत नसे. प्रत्यक्षात मी मुलांना नव्हे, तर मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांना शिकवत होते. एकाच वर्गात पाच-सहा घरभाषांची मुले बसलेली असताना वाचन आणि लेखन कसे शिकवावे, हा माझा विषय. निवृत्त होईपर्यंत अभ्यासक्रम कितीतरी वेळा बदलले, पण पहिल्या तासाला मी एकच गोष्ट सांगत आले: मूल चुकले, तर ती चूक सुधारण्याआधी पुरती ऐकून घ्या.

ही दृष्टी माझी नव्हे. 1960 च्या दशकात डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात वाचनाचे अभ्यासक केनेथ गुडमन मुलांना मोठ्याने वाचायला लावत आणि छापील शब्दाच्या जागी मूल जे म्हणेल ते तसेच टिपून घेत. अशा जागेला त्यांनी ‘मिसक्यू’ हे नाव दिले, कारण ‘चूक’ म्हटले की आपण ती मोजतो आणि विषय संपवतो. मुलाने ‘हॉर्स’च्या जागी ‘हाउस’ वाचले आणि घराला दाणावैरण घालून ते निर्धास्त पुढे निघाले, तर त्याला अर्थ लागलेला नाही. ‘हाउस’च्या जागी ‘होम’ वाचले, तर मात्र शब्द निसटला असला तरी गोष्ट त्याला कळते आहे. लाल पेनाच्या हिशेबात दोन्हीकडे एकेकच गुण जातो, आणि तिथेच त्या दोन मुलांमधला फरक शिक्षकाच्या नजरेतून सुटतो.

इथे एक कबुली द्यायला हवी. वाचन म्हणजे मुख्यतः संदर्भावरून बांधलेला अंदाज, असेही गुडमन मानत, आणि उमेदीच्या वर्षांत मीही ते उत्साहाने शिकवले. संदर्भाचा आधार मुख्यतः कच्च्या वाचकाला लागतो, पक्का वाचक तर शब्दच ओळखतो, हे पुढच्या प्रयोगांत दिसून आले. अक्षर आणि ध्वनी यांची सांगड पद्धतशीर शिकवल्याने मुलांना फायदा होतो, असा निष्कर्ष 2000 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन समितीने काढला, तेव्हा मला माझी टिपणे बदलावी लागली. देवनागरी बाराखडीवर वाढलेल्या बाईला हे समजायला इतकी वर्षे का लागावीत, हा प्रश्न माझ्या विद्यार्थ्यांनी कधी विचारला नाही, हे त्यांचे सौजन्य. तरीही चूक ऐकण्याची सवय मी सोडली नाही, कारण अंदाजाचा सिद्धान्त पडला म्हणून टिपून घेतलेली निरीक्षणे खोटी ठरत नव्हती.

गुडमन यांनी स्वतःचे एक मत जाहीरपणे मागे घेतले होते, आणि मला ते त्यांच्या सिद्धान्ताहून मोलाचे वाटते. कृष्णवर्णीय मुलांची घरची बोली प्रमाण इंग्रजीपासून जितकी दूर, तितके त्यांना वाचन अवघड, असे त्यांनी 1965 मध्ये मांडले होते. प्रत्यक्ष नोंदी तपासल्यावर 1973 मध्ये त्यांनी लिहिले की अडसर बोलीचा नाही, शिक्षक ती बोली नाकारतात याचा आहे. छापील ‘ही गोज’ पाहून एखादे मूल ‘ही गो’ म्हणते, तेव्हा त्याने अर्थ समजून घेऊन तो आपल्या बोलीत सांगितलेला असतो. त्याला अशा प्रत्येक ठिकाणी थांबवले, तर चांगले वाचणारे मूलही हळूहळू वाचेनासे होते. 1979 मध्ये मिशिगनमधल्या ॲन आर्बर इथे कृष्णवर्णीय मुलांच्या वतीने शिक्षण मंडळाविरुद्ध चाललेल्या खटल्यात न्यायाधीश चार्ल्स जॉइनर यांनी जवळपास हेच म्हटले: घरच्या बोलीकडे शिक्षक नकळत ज्या नजरेने पाहतात, ती नजर मुलांच्या वाचनाच्या आड येते. त्यांनी शिक्षण मंडळाला आदेश दिला तोही मुलांना बदलण्याचा नव्हता. शिक्षकांना या बोलीची ओळख करून देण्याचा होता.

मुलांच्या याच वाचनावर वेन स्टेटमध्ये 1972 साली डॉक्टरेट करणाऱ्या रुडिन सिम्स बिशप पुढे पुस्तकांकडे वळल्या. 1965 ते 1979 या काळात प्रसिद्ध झालेली, कृष्णवर्णीय मुलांविषयीची दीडशे पुस्तके त्यांनी एकेक करून तपासली आणि ती कोणासाठी लिहिली आहेत, असा प्रश्न विचारला. काही गोऱ्या वाचकाच्या मनात कणव जागवण्यासाठी होती. काहींत कातडीचा रंग सोडला तर मुलाचे वेगळेपण पुसलेले होते. आणि काही पुस्तकांत घर, बोलणे, आजीचे रागावणे आतून लिहिलेले होते. पुस्तके मुलाला कधी आरसा असतात, कधी खिडकी, कधी सरकते दार, ही त्यांची 1990 मधली उपमा आता इतकी प्रसिद्ध झाली आहे की शाळांच्या भिंतींवरही दिसते. दीडशे पुस्तके वाचण्याची मेहनत मात्र क्वचितच कोणाला आठवते.

आता आपल्या घराकडे येते, कारण जेवणाच्या रांगेत आज तिघांनी मला एकच प्रश्न विचारला: घरी मराठी बोललो तर मुलाचे इंग्रजी मागे पडेल का? टोरोंटोचे द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवले आहे की नव्या देशात आलेले मूल साधारण दोन वर्षांत गप्पांपुरते इंग्रजी बोलू लागते, पण अभ्यासाच्या इंग्रजीत बरोबरीला यायला त्याला पाच ते सात वर्षे लागतात. या मधल्या वर्षांत शिक्षक म्हणतात, ‘बोलतो तर छान, मग लिहीत का नाही?’ आणि पालक घाबरून मराठी बंद करतात. तसे करू नये. एका भाषेत कमावलेली समज दुसरीत कामाला येते, हे कमिन्स यांचेच म्हणणे. मराठी तुटकी झाली आणि इंग्रजी अजून बसली नाही, अशा अवस्थेत मुलाने विचार तरी कशात करायचा?

मराठी मुलांच्या इंग्रजीतल्या चुका तर मला पाठ आहेत. ‘व’ आपल्याकडे एकच, म्हणून ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांची अदलाबदल होते. ‘माय फादर इज इंजिनिअर’ या वाक्यातले ‘ॲन’ गळते, कारण मराठीला तसल्या शब्दाची कधी गरजच पडली नाही. यातली मला सर्वांत आवडलेली चूक मात्र आमच्या एका प्रशिक्षणार्थी शिक्षिकेने आणली होती. आठ वर्षांच्या मुलाने आजोबांवर निबंध लिहिला होता: ‘माय ग्रँडफादर आर टॉल. दे वॉक एव्हरी मॉर्निंग.’ त्या शिक्षिकेने एकवचन-अनेकवचनाचे पाच दोष काढले होते. आजोबा ‘आला’ असे म्हणायचे नसते, ‘आले’ म्हणायचे असते, आणि मुलाने ते व्याकरण चोख पाळले होते, हे मी तिला समजावून सांगितले. तिने ते मुलाला तसेच सांगितले आणि इंग्रजीत एका माणसाला ‘ही’ म्हणतात, हेही सांगितले. मुलाने निबंध पुन्हा लिहिला. सगळीकडे ‘ही’ होते, क्रियापदे बिनचूक होती, फक्त आता ‘ग्रँडफादर’चे पहिले अक्षर प्रत्येक ओळीत मोठ्या लिपीत होते. नियमाने तिथे ते छोटे हवे होते. तिने लाल पेन उचलले, माझ्याकडे पाहिले, आणि टोपण लावून खाली ठेवले.