उसवण्यापासून सुरुवात

श्रोतेहो, नमस्कार.

काटकसरीवर बोलायला बसलेला माणूस लगेच हिशेब मांडू लागतो. इतके वाचले, तितके वाचले. मी तसं करणार नाही. पैसे वाचतात हे सांगायला रेडिओ लागत नाही. मला बोलायचंय त्याच्या पुढच्या पायरीबद्दल. फाटलेला कपडा दुरुस्त केला, जुन्यातून नवं काहीतरी शिवलं, अंगात घातलं आणि उंबऱ्यापाशी मन कचरलं. काटकसर अडते ती तिथे. सुई-दोरा बहुतेक घरांत असतो, हातही थोडेफार चालतात. पण लोक काय म्हणतील, या प्रश्नापुढे सुईचं काही चालत नाही.

जुना कपडा मानाने घालता येतो, आणि तो मान बऱ्याच अंशी शिलाईत असतो, असं मला वाटतं. मापात बसणारा, स्वच्छ धुतलेला, इस्त्री फिरवलेला, घट्ट टाक्यांचा कपडा कितीही जुना असला तरी कोणाला बोट ठेवायला जागा देत नाही. घाईघाईत ओढूनताणून लावलेलं ठिगळ मात्र लांबूनच दिसतं. म्हणून आज निम्मं बोलणं शिलाईचं आहे. उरलेलं बघणाऱ्यांच्या नजरेचं.

आधी शिलाई. कपडा सगळीकडून सारखा जुना होत नाही. तो ठरावीक जागी झिजतो. शर्टाची कॉलर जिथे दुमडते ती रेघ, कफची कड, कोपर. पँटची बैठक, मांड्यांच्या मधला भाग, गुडघे, पायाशी घासणारी दुमड. जिथे घर्षण आणि घाम एकत्र येतात तिथे धागा आधी हार मानतो. शर्टाची पाठ मात्र वर्षानुवर्षं जवळजवळ नवी राहते. पँटचा पोटरीवरचा भाग तसाच. तेव्हा कपडा टाकायचा की ठेवायचा हे ठरवण्याआधी तो खिडकीशी उजेडात धरा. विरलेल्या जागी उजेड आरपार येईल. त्या जागेच्या दोन बाजूंना अंगठे ठेवून हलकंच ताणा. धागे सरकले, चर्र आवाज आला, तर तेवढं कापड संपलं. तिथे खडूने खूण करा. खुणेबाहेरचं सगळं अजून कामाचं आहे. बहुतेकांना धक्का बसतो तो इथे, कारण टाकायला काढलेल्या कपड्यातलं बरंचसं कापड शाबूत निघतं.

मग लगेच कात्री हातात घेऊ नका. उसवा. शिवणीच्या आत शिंप्याने ठेवलेली माया, म्हणजे जास्तीचं कापड, असते. ती तुमच्या पुढच्या कपड्याची ठेव आहे. कात्रीने शिवण कापून टाकली की ती गेली. उसवताना बटणं, चेन, अस्तर, नेफ्यातली नाडी सगळं वेगळं निघतं. आणि मुख्य म्हणजे कपडा कसा बांधलाय हे कळतं. बाहीचा गोल किती खोल, कॉलरच्या पोटात कडक कापड कुठवर, खांद्याची शिवण पुढे का झुकलेली. शिवणकामाचा याहून चांगला वर्ग मला माहीत नाही. कंटाळवाणं काम आहे, कबूल. पण हात गुंतलेले आणि कान मोकळे असतात. अशा कामासाठीच तर रेडिओ आहे!

एक जुनी युक्ती सांगते. कॉलर दुमडीवर फाटली की लोक शर्ट टाकतात. पण कॉलरला दोन बाजू असतात आणि झिजते ती एकच. कॉलरच्या पट्टीतून ती उसवून काढा, उलटी करा, पुन्हा त्याच खाचेत बसवून शिवा. झिजलेली बाजू खाली गेली, कोरी वर आली. शर्ट आणखी काही वर्षं सहज चालतो. चादरीचंही तसंच. ती मधोमध विरते आणि काठाशी धडधाकट राहते. विरलेली उभी पट्टी कापून काढा, दोन्ही काठ मध्ये आणून जोडा आणि बाहेरच्या कापलेल्या कडा दुमडून शिवा. यालाच दंड घालणं म्हणतात. घराघरांतल्या बायकांनी हे पिढ्यान्‌पिढ्या केलंय आणि त्यांना कुणी कारागीर म्हटलं नाही.

ठिगळ लावण्याचंही शास्त्र आहे. ठिगळाचं कापड मूळ कापडाइतकं किंवा त्याहून हलकं हवं. जीर्ण कापडावर कोरं जाड कापड बसवलं की पहिल्या धुण्यातच ठिगळाच्या कडेने नवी फाट सुटते, कारण ताकदवान कापड कमकुवताला ओढतं. सुती ठिगळ आधी धुऊन घ्या. नवं सूत आकसतं आणि मग भोवती सुरकुत्या पडतात. ठिगळाचे उभे-आडवे धागे मूळ कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांशी जुळवा. कोपरे गोल कापा, नाहीतर सगळा ताण टोकावर येतो आणि तिथूनच ते उचकटतं. रफू करताना धागा कडेला अगदी ताणून वळवू नका, छोटीशी सैल कडी सोडा. धुतल्यावर धागा आटतो, तेव्हा ती कडी कामाला येते. आणि विणलेल्या ताणणाऱ्या कापडावर, म्हणजे टी-शर्टसारख्या कपड्यावर, साधी अणकुचीदार सुई चालवू नका. फासे तुटतात आणि भोकातून शिडी सुटत जाते. त्यासाठी गोल टोकाची सुई मिळते.

जुन्याचं नवं करायचं तर मोठ्याकडून लहानाकडे जायचं. मोठ्या माणसाच्या शर्टाच्या पाठीतून लहान मुलाचा झगा किंवा सदरा निघतो, आणि शर्टाची पुढची बटणपट्टी आयती झग्याच्या पाठीवर घेता येते, काजं करायची दगदग वाचते. पण ज्याच्यासाठी शिवताय त्याला विचारा. हे मी मुद्दाम सांगते. आपल्याला आपल्या हिकमतीचं कौतुक असतं. मुलाला मात्र तो कपडा घालून दहा मित्रांसमोर उभं राहायचं असतं. त्याला रंग निवडू द्या, खिसा कुठे हवा ते सांगू द्या. त्याने मान हलवली नाही तर त्या कापडाची पिशवी शिवा. लादलेली काटकसर मुलं मोठेपणी उधळपट्टीने फेडतात असं माझं आपलं निरीक्षण आहे.

आता नजरेकडे येऊ.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं आणि ते १९४९ पर्यंत चाललं. पैसे असले तरी कुपनांशिवाय नवा कपडा नाही. सुरुवातीला माणशी वर्षाला ६६ कुपनं मिळत, पुढे ती कमी झाली. तिथल्या सरकारने १९४३ मध्ये ‘मेक डू अँड मेंड’ नावाची पुस्तिका काढली. रफू, ठिगळ, दोन जुन्यांतून एक नवा, असं सगळं तीत शिकवलं होतं. राजकन्या एलिझाबेथ यांच्या १९४७ मधल्या लग्नाच्या पोशाखालाही कुपनं लागली. लोकांनी आपली कुपनं त्यांना टपालाने पाठवली आणि ती परत करावी लागली, कारण कुपनं दुसऱ्याला देणं नियमात बसत नव्हतं. त्या काळात ठिगळाची लाज कमी झाली याचं कारण ठिगळ सुंदर दिसू लागलं हे नव्हे. शेजाऱ्याच्या कोपरावरही ते होतं. सगळ्यांवर आलं की त्याला कर्तव्य म्हणतात आणि एकट्यावर आलं की दारिद्र्य.

उत्तर जपानची गोष्ट याहून बोलकी आहे. तिथल्या कडाक्याच्या थंडीत कापूस पिकत नसे. गरीब शेतकरी हेम्प या अंबाडीसारख्या वनस्पतीच्या धाग्याच्या जाडसर कापडाचे कपडे घालत. सुती कापड दुरून जहाजातून यायचं, तेही बऱ्याचदा वापरलेल्या तुकड्यांच्या रूपाने. ते तुकडे थरावर थर लावून, बारीक धावदोरा घालून कपडे आणि पांघरुणं उबदार केली जात. एकेक पांघरूण पुढच्या पिढीकडे जाई आणि प्रत्येक पिढी त्यात आपले तुकडे जोडे. अशा कापडाला ‘बोरो’ म्हणतात. महायुद्धानंतर दिवस पालटले तेव्हा घरच्यांनाच त्याची लाज वाटू लागली, कित्येकांनी ते फेकलं, जाळलं. आज तेच बोरो संग्रहालयात काचेमागे असतं आणि संग्राहक त्यासाठी भारी किंमत मोजतात. कापडातला एक टाकाही बदललेला नाही.

हे ऐकून आनंद व्हावा की चीड यावी, मला कळत नाही. कारण दुकानात मुद्दाम फाडलेल्या जीन्स नव्यापेक्षा महाग विकल्या जातात, आणि खरोखर गुडघ्यावर झिजलेली पँट घातलेल्या माणसाला तेच दुकान आत येताना निरखून पाहतं. हौसेने ठिगळ लावणाऱ्याला शाबासकी मिळते. ज्याला पर्याय नाही त्याच्या ठिगळाला मिळत नाही. आपण हौसेने करत असलो तर निदान एवढं करावं, की दुसऱ्याच्या ठिगळाकडे बघताना आपल्या डोळ्यांत दया नको. त्याचा टाका बघा, चांगला असेल तर कसा घातला ते विचारा.

अमेरिकेत १९३० च्या दशकातल्या मंदीत पिठाच्या आणि पशुखाद्याच्या सुती पोत्यांतून बायका मुलांचे कपडे शिवत. कारखानदारांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी पोत्यांवर फुलांचे, चौकड्यांचे नक्षे छापले. कंपनीचं नाव धुतल्यावर निघून जाईल अशा शाईत, किंवा सोडवता येईल अशा कागदी पट्टीवर छापू लागले. यात धंदा होताच, गिऱ्हाईक आपल्याच पिठाकडे वळावं हा. तरी मला ती धुऊन जाणारी शाई आवडते. मुलीच्या पाठीवर गिरणीचं नाव दिसू नये, हे कुणाच्या तरी मनात आलं.

ही अदब दान देताना आपण विसरतो. बटण तुटलेले, काखेत उसवलेले, डाग पडलेले कपडे पोत्यात भरून ‘गरजूंना’ देऊन मोकळे होतो. घानाची राजधानी अक्रा इथे कांतामांतो नावाचा जुन्या कपड्यांचा प्रचंड बाजार आहे. श्रीमंत देशांतल्या लोकांनी दिलेले कपडे तिथे गठ्ठ्यांनी येतात. व्यापारी गठ्ठा उघडून न बघता विकत घेतात, मग आतला बराच माल विकण्याजोगा निघत नाही. तो शेवटी कचऱ्याच्या ढिगात आणि समुद्रकिनाऱ्यावर जातो, आणि नुकसान त्या व्यापाऱ्याचं होतं. देणाऱ्याने पुण्य पदरात पाडून घेतलेलं असतं. कपडा द्यायचा तर धुऊन, बटण लावून, उसवलेलं शिवून द्या. जो तुम्ही स्वतः घालून बाजारात जाल तोच द्या. तेवढे कष्ट नको असतील तर त्याची पुसणी करा, त्यातही प्रामाणिकपणा आहे.

काही श्रोत्यांना वाटेल, हा खटाटोप कशाला, पुनर्प्रक्रियेला देऊन टाकावं. तेही केलं जातं, आणि ते आजकालचं नाही, फार जुनं आहे. इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या बॅटली गावात बेंजामिन लॉ याने १८१३ च्या सुमाराला लोकरी चिंध्या पिंजून त्यातून पुन्हा सूत काढलं आणि त्यावर मोठा उद्योग उभा राहिला. पण कापड पिंजताना तंतू तुटून आखूड होतात. आखूड तंतूंचं सूत कमजोर, म्हणून त्यात नवे तंतू मिसळावे लागतात. सूत आणि पॉलिस्टर एकत्र विणलेलं असेल तर ते वेगळं करणं आणखी कठीण. कापडाचं कापड म्हणूनच राहणं सगळ्यात किफायतशीर. पाण्याचा हिशेब करणाऱ्या अभ्यासकांच्या अंदाजाने एक किलो सुती कापडामागे जगात सरासरी १० हजार लिटरच्या आसपास पाणी लागतं. म्हणजे पाव किलोच्या शर्टामागे अडीच हजार. शर्ट दुप्पट काळ चालवला की ते पाणी दुप्पट दिवसांवर वाटलं जातं. फ्रान्सने तर २०२३ पासून कपडे आणि बूट दुरुस्त करून घेणाऱ्यांना बिलात सूट द्यायला सुरुवात केली आहे. दुरुस्ती करणाऱ्यांच्या हाताला काम राहावं हाही त्यामागे हेतू आहे. तेव्हा स्वतःला शिवता येत नसेल तर शिंप्याकडे न्या, आणि दुरुस्तीच्या पैशांत घासाघीस करू नका. उसवून पुन्हा शिवणं हे नवं शिवण्यापेक्षा चिकट काम आहे.

सगळंच वाचवायला जाऊ नका, हेही सांगायला हवं. इलॅस्टिक मेलेले आतले कपडे, बुरशीचे काळे ठिपके खोल गेलेलं कापड, हात लावताच भुगा होणारं अस्तर यांत वेळ घालवू नये. तान्ह्या बाळासाठी जुन्यातून शिवत असाल तर बटणं आणि मणी लावूच नका, सुटले तर तोंडात जातात. आणि ‘कधीतरी करीन’ म्हणून जुने कपडे साठवून कपाट भरणं ही काटकसर नव्हे, ती अडगळ. हातात एक काम असू द्या. ते संपलं की दुसरं.

पहिलं काम कुठलं घ्यावं, असं विचाराल तर मी कॉलरच सांगेन. सुती शर्ट निवडा. उसवण्याआधी कॉलरचा आणि पट्टीचा बरोबर मध्य शोधून दोन्हीकडे रंगीत दोऱ्याचा एकेक टाका घाला. उलटी करून बसवताना आधी हे दोन टाके जुळवून टाचा, मग दोन्ही टोकं, मग मधला भाग. आधी टोकं टाचलीत तर मध्ये चुण्या येतात. कच्चा दोरा पूर्ण घाला, शर्ट एकदा अंगात घालून आरशात बघा, कॉलर एका बाजूला कलत नाही ना ते तपासा, आणि मगच मशिनवर पक्की टीप मारा. मशिन नसेल तर दुहेरी दोऱ्याची उलटी टीप हातानेही तितकीच टिकते.

नमस्कार.