वास क्लोरिनचा नव्हे

मंडळी, घरच्या जलतरण तलावाबद्दल बोलताना मी सुरुवात वासापासून करतो. काठावर गेल्यावर नाकाला झोंबलं, पोहून डोळे लाल झाले, की आपण लगेच म्हणतो, "क्लोरिन जास्त झालंय." बहुतेक वेळा नेमकं उलटं असतं. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरिनचा संयोग होऊन क्लोरामाइनं तयार होतात. तो वास त्यांचा. जंतू मारणारं मोकळं क्लोरिन तेव्हा संपत आलेलं असतं. म्हणून अशा वेळी क्लोरिन वाढवायचं: चाचणीत जेवढं संयुक्त क्लोरिन (म्हणजे क्लोरामाइनांत अडकलेलं) दिसेल त्याच्या साधारण दहापट, एकदम, ऊन उतरल्यावर. पातळी खाली येईपर्यंत कुणालाही पाण्यात उतरू द्यायचं नाही.

मग क्लोरिन भरपूर असूनही पाणी हिरवट का होतं? सामू बघा, म्हणजे पीएच. क्लोरिन पाण्यात पडलं की त्याचं हायपोक्लोरस आम्ल होतं आणि खरं काम तेच करतं. स्थिरक (उन्हापासून क्लोरिन जपणारं रसायन) नसलेल्या पाण्यात सामू ७.५ असेल तर जवळपास निम्मं क्लोरिन या रूपात असतं. सामू ८ वर गेला की जेमतेम पाव उरतं. डबा तोच, खर्च तोच, काम निम्मं! सामू ७.२ ते ७.६ मध्ये राखा, एवढंच मला आज तुमच्या गळी उतरवायचं आहे.

सामूला धरून ठेवते ती अल्कता. ती ८० ते १२० पीपीएम (दहा लाखांत एवढे भाग) हवी. कमी पडली तर सामू जरा जरा कारणानं वरखाली उड्या मारतो. म्हणून आधी अल्कता, मग सामू, शेवटी क्लोरिन. दहा हजार लिटर पाण्यात सुमारे १७० ग्रॅम खाण्याचा सोडा घातला की अल्कता १० पीपीएमनं वाढते. जडपणाचं, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियमचं, थोडक्यात सांगतो: तो फार कमी असेल तर पाणी प्लास्टरमधला चुना ओढून घेतं.

ऊन क्लोरिन खातं, त्यावर उपाय सायन्युरिक आम्ल, म्हणजेच वर म्हटलेलं स्थिरक. ३० ते ५० पीपीएम पुरे. पण बऱ्याच क्लोरिनच्या गोळ्यांमध्ये तेही असतं. पाणी उडून जातं, ते मात्र साचत राहतं आणि क्लोरिन मंदावतं. मग काही पाणी काढून ताजं भरण्यावाचून गत्यंतर नाही.

आता चाचणी. नमुना कोपरभर खोलीवरून घ्या, पाणी आत येतं त्या तोंडापासून लांब. एका उन्हाळ्यात मी चाचणीची गोळी टाकली, क्षणभर गुलाबी छटा चमकली आणि नमुना पुन्हा पांढरास्वच्छ. क्लोरिन शून्य समजून मी तीन दिवस आणखी घालत राहिलो. प्रत्यक्षात ते इतकं जास्त होतं की त्यानं रंगच खाऊन टाकला होता. आता शंका आली की मी नमुन्यात तेवढंच क्लोरिन नसलेलं पाणी मिसळतो आणि येईल त्या आकड्याची दुप्पट धरतो.

सामू उतरवायला आम्ल वापराल तेव्हा बादलीत आधी पाणी, मग आम्ल. उलट कधीही नाही. दोन प्रकारचं क्लोरिन एका भांड्यात आणू नका, आग लागते. पंप चालू ठेवून आम्ल खोल बाजूला हळूहळू सोडा, काही तास पाणी फिरू द्या आणि मग पुन्हा मोजा.